खरवंडीकरांचं नाक

"माणसाच्या संस्कृतीचा इतिहास म्हणजे शेवटी मैद्याचा इतिहास," मी दारातूनच जाहीर केलं. "ज्यांना पीठ मळता आलं त्यांनी राज्यं केली. बाकीच्यांनी नुसत्या लढाया केल्या."

"चपला बाहेर," खरवंडीकर आतून म्हणाले. "आणि तो पंखा बंद करा आधी. तुमची संस्कृती माझ्या डोळ्यांत जातेय."

मी पंखा बंद केला. ओट्यासमोर मधुसूदन खरवंडीकर उभे होते. वय चौऱ्याहत्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. बनियनवर त्यांच्या गेलेल्या बायकोचा, इंदूवहिनींचा, फुलाफुलांचा एप्रन. हात कोपरापर्यंत पांढरे. ओट्यावर मैद्याची लाटलेली चौकोनी पोळी आणि पोळीवर स्टीलची फूटपट्टी.

"तीस बाय वीस सेंटिमीटर," ते म्हणाले. "डावा कोपरा तीन मिलिमीटर कमी भरतोय."

"मग काय, धरण फुटेल?"

"रोल वाकडा होईल. रेवा हसेल."

रेवा म्हणजे त्यांची नात. वय नऊ, मुक्काम कॅनडातलं कॅलगरी. ती अजून यायची होती आणि तिच्यासाठीच्या सिनॅमन रोलचा हा पाचवा सराव चालला होता.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नगरला सावेडीत आमची बारा बिऱ्हाडांची सोसायटी आहे. दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. मी विमा कंपनीतून निवृत्त झालेला आणि विनोदी म्हणून नाव मिळवलेला माणूस. असं नाव एकदा पडलं की ते सांभाळावं लागतं. रोज संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर पाच-सहा जण माझी वाट बघत असत आणि रिकाम्या हाताने जायची मला लाज वाटे.

या सरावाच्या दोन महिने आधी खरवंडीकरांनी गॅसवर दूध ठेवलं. दूध उतू गेलं, ज्योत विझली आणि हे शेजारीच खुर्चीत शब्दकोडं सोडवत बसले. मी साखर मागायला गेलो म्हणून वाचले. जिन्यापर्यंत गॅसचा वास भरला होता आणि हे मला विचारत होते, "आडवा सात, चार अक्षरी, फळभाजी?" मी धावत जाऊन बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या. तेव्हा त्यांनी कबूल केलं. साथीच्या तापात नाकाचा वास गेला तो परत आलाच नाही. अत्तर नाही, फोडणी नाही, काही नाही.

"कुणाला बोलू नका, सबनीस," ते म्हणाले.

वासाचं मी कुणाला बोललो नाही. गॅसचं मात्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : 'खरवंडीकरांकडे चहाला जाणाऱ्यांनी काडीपेटी घरी ठेवून जावी.' अकरा हसरे चेहरे आले. त्यांचा मुलगा मकरंदही त्या ग्रुपवर आहे, हे माझ्या ध्यानात नव्हतं. कॅलगरीहून हसरा चेहरा आला नाही, फोन आला.

आठवड्याभरात सिलिंडर परत गेला. त्याच्या जागी एअर फ्रायर आला, काळा आणि गुबगुबीत. मकरंदने शिक्रापूरजवळच्या एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली आणि वडिलांना सांगितलं, "डिसेंबरात मी आणि रेवा येतोय. पाच दिवस राहतो, डोळ्यांनी बघतो. तुम्ही एकटे नीट राहताय असं दिसलं, तर विषय बंद. नाहीतर बाबा, तुम्ही हट्ट करायचा नाही."

"नाकाचं सांगून टाका की त्याला," मी म्हणालो होतो. "त्याला वाटतंय तुमचं डोकं चालत नाही. नाकच चालत नाही म्हटल्यावर त्याला बरं वाटेल."

"छे. उद्या जळकं कळायचं नाही, परवा नासलेलं खाल, म्हणेल. त्याच दिवशी बॅग भरायला लावेल." त्यांनी एअर फ्रायरवर हात ठेवला. "याला वास लागत नाही. टिंग वाजतं. कान शाबूत आहेत माझे."

मग ते म्हणाले, "मला या ओट्यापासून उचलू नये, एवढंच आहे हो."

ओट्यावरच्या फळीवर इंदूवहिनींच्या सोळा बरण्या होत्या. सगळ्या कॉफीच्या, काचेच्या, एकसारख्या. एकीवरही चिठ्ठी नाही. वहिनी बरणी उघडायच्या, हुंगायच्या आणि घालायच्या. खरवंडीकरांनी त्यांची मांडणी तीन वर्षं जशीच्या तशी ठेवली होती. डावीकडून तिसरी दालचिनीची पूड, चौथी वहिनींनी शेवटचा केलेला काळा मसाला, अर्धी बरणी उरलेला. तो ते वापरत नसत. चिठ्ठ्या लावा म्हटलं तर म्हणायचे, "तिला नाही आवडायचं. आणि मला पाठ आहे."

तर रोल. यीस्टची भानगड नाही. दोन वाट्या मैदा, बेकिंग पावडर, चिमूट मीठ आणि मावेल तेवढं दही. मळायचं, लाटायचं, वर लोणी लावायचं. ब्राउन शुगरच्या जागी गुळाची पूड आणि दालचिनी पसरायची. अळूवडीसारखी गुंडाळी करायची, सहा तुकडे करायचे आणि नऊ मिनिटं एकशेसत्तरवर. वरून दुधात कालवलेली पिठीसाखर. सगळं मिळून अर्धा तास. खरवंडीकरांना दीड तास लागायचा, कारण ते मोजायचे.

सुरीने कापलं की गुंडाळी चेपायची. त्यावर त्यांनी दोरा शोधून काढला. गुंडाळीखालून दोरा सरकवायचा, वर टोकांची अढी घालायची आणि ओढायचं. चाक कापल्यासारखा गोल तुकडा. पण वहिनींच्या शिवणाच्या डब्यात फक्त काळा दोरा उरला होता.

"खायच्या वस्तूला काळा दोरा नको," ते म्हणाले.

"का? सुतक लागतं?"

"दिसतो वाईट. तुमच्याकडे पांढरा आहे का?"

मी घरून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणून दिलं. त्या दिवशी रोल असे झाले की मी तीन खाल्ले. खरवंडीकरांनी एक खाल्ला आणि मला विचारलं, "कसा झालाय?" त्यांना नुसतं गोड कळायचं आणि मऊ कळायचं. बाकीचं मी सांगायचो.

"आता एकच काम," ते म्हणाले. "रविवारी सकाळी मी मकरंदसमोर करणार. तुम्ही सहज आल्यासारखे या. बरणी उघडली की मी तुमच्यापुढे धरीन. म्हणेन, बघा कशी ताजी आहे. तुम्ही हुंगायचं. बरोबर असेल तर म्हणायचं, फर्स्ट क्लास. नसेल तर म्हणायचं, जरा जुनी वाटते. मी समजेन."

"म्हणजे मी तुमचं नाक."

"अगदी. तेवढं एक दिवस व्हा."

शनिवारी दुपारी मकरंद आणि रेवा आले. रविवारी दहा वाजता मी सहज आल्यासारखा गेलो.

मकरंद दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. उंच, दमलेला, डोळ्यांखाली विमानप्रवास. वाईट मुलगा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. वडिलांच्या हाताकडे तो सारखा बघत होता, कापतोय का म्हणून. रेवा ओट्यावर चढून बसली होती आणि पाय हलवत होती.

"बाबा, आज वार कोणता?" मकरंदने उगीच विचारल्यासारखं विचारलं.

"रविवार. तिथी चतुर्दशी. तुझ्या आईचे पैठणचे मामा याच तिथीला गेले. अजून काही विचारायचंय?" खरवंडीकर पोळी लाटता लाटता म्हणाले. मकरंद पहिल्यांदा हसला. मला वाटलं, जिंकले म्हातारबुवा.

फूटपट्टी लागली. चारही कोपरे बरोबर भरले. लोणी लागलं, गूळ पसरला. मग त्यांनी न बघता, डावीकडून तिसऱ्या बरणीला हात घातला, झाकण फिरवलं आणि माझ्यापुढे धरली.

"बघा, सबनीस. कशी ताजी आहे."

फळी लख्ख होती. मुलगा येणार म्हणून कामाच्या शांताबाईंनी आदल्या दिवशी सोळाच्या सोळा बरण्या खाली काढून फळी घासली होती आणि त्या परत लावल्या होत्या.

मी हुंगलं. मग चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला.

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो.

खरवंडीकरांचा चमचा हवेत थांबला. ते माझ्याकडे बघत राहिले.

"नक्की ना?"

"अहो, घाला."

त्यांनी तीन चमचे घातले, सारखे पसरले, बोटाने कडेपर्यंत नेले. रेवाने दोऱ्याची टोकं ओढली. प्रत्येक तुकडा पडला की ती टाळी वाजवायची. सहा तुकडे फ्रायरच्या भांड्यात बसले, मध्ये एक आणि भोवती पाच. खरवंडीकरांनी नऊ मिनिटं लावली आणि हात धुऊन, घडी घातलेल्या पंच्याला पुसून, मुलासमोर उभे राहिले.

"गॅस नाही, ज्वाला नाही," ते म्हणाले. "विसरलो तरी आपलं आपण बंद होतं. मी हे रोज करू शकतो, मकरंदा. भाजी करतो यात. बटाटे करतो. वांगं भाजतो."

"दिसतंय, बाबा."

चौथ्या मिनिटाला घरभर वास सुटला. मकरंदने मान वर केली.

"कसला वास येतोय?"

"दालचिनी तापली की असाच येतो," खरवंडीकर ठामपणे म्हणाले.

मकरंद खिडकीकडे बघत हळूच म्हणाला, "आईच्या आमटीसारखा येतोय." मग स्वतःशीच हसला. "इतक्या दिवसांनी घरी आलो ना. भास होतो."

मी पुन्हा चष्मा पुसला.

टिंग वाजलं. रोल ताटलीत आले, फुगलेले, कडेने सोनेरी. खरवंडीकरांनी वरून पिठीसाखरेची धार सोडली, सरळ रेषेत, ड्राफ्ट्समनच्या हाताने. पहिला रेवाला, दुसरा मकरंदला, तिसरा मला. चौथा त्यांनी स्वतः घेतला आणि धीर निघेना म्हणून सगळ्यांच्या आधी मोठा घास घेतला.

"झकास," ते म्हणाले. डोळे मिटून चावत होते. "झकास झालेत. इंदूलासुद्धा असे जमले नसते."

रेवाने चावला, थांबली आणि तोंडातला घास तळहातावर काढला.

"आबा, ही आमटी आहे?"

मकरंदने एक तुकडा तोंडात टाकला. त्याने तो गिळला, पण त्याला वेळ लागला. वडील अजून चावत होते आणि मान डोलवत होते. त्याने उठून बरणी घेतली, उघडली, हुंगली. मग तो ती तशीच धरून उभा राहिला. वडिलांनी आमटीचा मसाला गोड पावात भरला होता आणि ते तो चवीने खात होते. त्याला दुसरं काही बघायची गरज उरली नव्हती.

"बाबा," तो म्हणाला, "हा काळा मसाला आहे. आईचा."

खरवंडीकरांचं तोंड थांबलं. त्यांनी आधी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी रोलवरची साखर बोटाने चाटत होतो.

"चुकलं," ते म्हणाले. "बरणी चुकली."

"बरणी चुकली ते ठीक आहे. पण तुम्ही खाताय. तुम्हाला कळत नाहीये."

"घाईत लक्ष नसतं रे."

"आबा, रडू नका," रेवा म्हणाली. ते रडत नव्हते. नाकाला पिठीसाखर लागली होती, ती पुसत होते.

मकरंद मला गॅलरीत घेऊन गेला, दार ओढून घेतलं. "काका, तुम्ही रोज बघता त्यांना. खरं सांगा. असं आधी झालंय?"

माझ्याकडे एक वाक्य होतं, सात-आठ शब्दांचं. तुझ्या वडिलांचं डोकं ठणठणीत आहे, नाक गेलंय. आणि त्याला जोडून आणखी एक : मी त्यांना मुद्दाम चुकीचं सांगितलं. पण पहिलं बोलायचं तर मी तिथे कशाला आलो होतो ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं की दुसरं टळणार नव्हतं.

"वयाचं असतं रे," मी म्हणालो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्याने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते. माझा हात त्याच्या पाठीवर होता, म्हणून त्याने मला धन्यवाद दिले.

संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर मी गोष्ट सांगितली. रंगली. 'आबा, ही आमटी आहे?' हे मी रेवाच्या आवाजात सांगितलं तेव्हा देव मास्तरांना ठसका लागला, त्यांना पाणी द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी ती परत सांगायला लावली.

खरवंडीकरांनी हट्ट केला नाही. बुधवारी गाडी आली. घर आवरताना मकरंदने बरण्या सिंकमध्ये रिकाम्या केल्या. मसाला पाण्याबरोबर जाताना जिन्यात वास आला, तेव्हा मी दार लावून घेतलं. सोळा बरण्या भंगारवाल्याने नेल्या. एअर फ्रायर मकरंदने माझ्याकडे आणून दिला. "तुम्ही इतकं केलंत, काका," तो म्हणाला. "हा तुम्हीच ठेवा." पांढऱ्या दोऱ्याचं रीळही त्याने त्यात घालून परत केलं. प्रामाणिक मुलगा. फ्रायरमध्ये आमच्याकडे पापड छान भाजतात.

मी त्यांना भेटायला गेलो तो गेल्या महिन्यात. मधली चार वर्षं मला गुडघेदुखी होती. मधूनमधून वाचनालयातही होती, पण तिथे मी जात होतो.

ती जागा स्वच्छ आहे. बाहेर कडुनिंब आहेत, बाक आहेत. खरवंडीकर एका बाकावर बसले होते. खूप बारीक झालेले. मांडीवर शब्दकोडं.

"या, सबनीस," ते म्हणाले. "आडवा अकरा, तीन अक्षरी, पश्चात्ताप नव्हे पण तसंच काहीतरी."

मी शेजारी बसलो. वाटेत बसमध्ये मी सगळं मनात जुळवून आणलं होतं. विनोद न करता बोलायचं म्हणजे मला लिहून पाठ केल्यासारखं बोलावं लागतं.

"खरवंडीकर, त्या रविवारी मला माहीत होतं. बरणी उघडल्याबरोबर कळलं, की मसाला आहे. तरी मी फर्स्ट क्लास म्हणालो."

ते शब्दकोड्यात बघत होते.

"मला कळलं होतं," ते म्हणाले.

"कधी? रेवा बोलली तेव्हा?"

"नाही हो. तुम्ही चष्मा पुसलात तेव्हा. हसू दाबायचं असलं की तुम्ही चष्मा पुसता. वीस वर्षं बघतोय मी."

कडुनिंबाची पानं पडत होती. आतून कुणीतरी जेवणाची घंटा वाजवली. खरवंडीकरांनी पेन्सिल कानावर ठेवली.

"मग तुम्ही घातलात कशाला?"

"मकरंद समोर होता. त्याच्यापुढे तुम्हाला काय विचारणार, खोटं बोलताय का म्हणून? एकदा 'नक्की ना' म्हणून विचारलं की मी." त्यांनी पेन्सिल काढून परत लावली. "म्हटलं, असू दे. मसाला असेल किंवा ओवा असेल. खातील, हसतील. आणि मग तुम्ही सांगाल. थट्टा झाली की तुम्ही सांगता, सबनीस. नेहमी सांगता. म्हणून मी खातानाही छान आहे छान आहे म्हणत राहिलो. तुमची थट्टा जरा मोठी व्हावी म्हणून."

माझ्या मांडीवर एक पान पडलं होतं, ते मी झटकलं.

"मग तुम्ही दोघं गॅलरीत गेलात. दार लावलंत. मला वाटलं, आता सांगत असतील."

"खरवंडीकर, मी..."

"तो इंदूचा शेवटचा होता," ते म्हणाले. "मला चव लागली नाही. मकरंदला लागली, बरं झालं."

पुन्हा घंटा वाजली. एक बाई दारात येऊन "खरवंडीकर आजोबा, चला" म्हणाल्या. ते उठले. काठी शोधली, कोडं घडी घालून खिशात ठेवलं. मी उभा राहिलो. मला वाटलं, आता ते जे काय म्हणायचं ते म्हणतील, आणि मी ते ऐकून घ्यायची तयारी केली.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं ते पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आहे का अजून?"

"आहे."

"पुढच्या खेपेला येताना घेऊन या," ते म्हणाले. "सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय. इथे सगळ्यांकडे काळाच दोरा आहे."